विश्लेषण : ‘रॅम’ महागली! ५० हजारांत गेमिंग संगणक आता कसा जुळवायचा?

वीतभर लांबीचीही नसलेली रॅमची पट्टी २०२५ च्या अखेरीस गेमिंग संगणकाच्या हिशेबातला मोठा अडसर ठरली. वर्षाच्या पूर्वार्धात साधारण तीन हजार रुपयांच्या आसपास मिळणारी १६ जीबी डीडीआर-४ रॅम वर्ष संपता संपता दुप्पट-तिप्पट भावाला गेली. डीडीआर-५ ची गत याहून वाईट. याचा फटका मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या ग्राहकाला बसतो, तसाच परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावातून ऑनलाइन मागणी नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यालाही बसतो. फरक एवढाच, की शहरातला ग्राहक चुकीचा भाग दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बदलून आणू शकतो. गावातल्या ग्राहकाला त्या चुकीसाठी कुरियरचा खर्च, पंधरा दिवसांची वाट आणि अनेकदा नवी खरेदी सोसावी लागते. त्यामुळे कमी पैशांत गेमिंग संगणक जुळवताना कोणता भाग आधी, कोणता नंतर आणि कशात अजिबात हात आखडता घ्यायचा नाही, याचा नव्याने विचार करावा लागणार आहे.

रॅम इतकी महागली का?

जगातील बहुतांश डीरॅम, म्हणजे रॅमच्या पट्टीवर बसणारी चिप, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम या प्रकारची वेगवान मेमरी लागते. ती विकून मिळणारा नफा घरगुती संगणकाच्या रॅमपेक्षा कितीतरी जास्त असल्याने कंपन्यांनी कारखान्यांतील क्षमता तिकडे वळवली. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार तेवढ्याच क्षमतेच्या एचबीएमसाठी डीडीआर-५ च्या सुमारे तिप्पट वेफर खर्ची पडते. वेफर म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती. तिच्यावरच चिपा घडवल्या जातात. एका चकतीवर एचबीएम घेतली की घरगुती रॅमसाठी तितकी जागा कमी होते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर प्राथमिक करार जाहीर केले. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याचा उल्लेख होता. त्यानंतर बाजारात मेमरी मिळवण्यासाठी धावपळ वाढली. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने होणारी आपली ग्राहकांसाठीची विक्री बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. भारतात स्वस्त आणि भरवशाची रॅम म्हणून हे नाव घरोघरी पोहोचले होते. त्याच महिन्यात डॉलरचा भाव प्रथमच ९० रुपयांपलीकडे गेला. संगणकाचे बहुतेक भाग आयात होत असल्याने महागाईवर विनिमय दराचाही भार पडला.

गुजरातेत प्रकल्प आहे, मग दिलासा का नाही?

गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉनचा प्रकल्प आहे, मग रॅम स्वस्त का होत नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र साणंदचा प्रकल्प चिपांची जुळणी आणि चाचणी करण्यासाठी आहे. मूळ चिप ज्या वेफरवर घडते, ते काम परदेशातील कारखान्यांतच होते. टंचाई नेमकी त्या टप्प्यावर आहे. नवा वेफर कारखाना उभा राहून उत्पादन सुरू व्हायला काही वर्षे लागतात. मेमरीचा तुटवडा २०२६ नंतरही जाणवत राहील, असे मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना सांगितले आहे.

जुना हिशेब का बिघडला?

आतापर्यंत स्वस्त गेमिंग संगणकाचे साधे गणित होते : ४० टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डाला, ३५ टक्क्यांच्या आसपास प्रोसेसर व मदरबोर्डला आणि उरलेल्या पैशांत बाकी सगळे. ५० हजारांच्या जुळणीत १६ जीबी रॅमचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास असे. रॅमचा भाव तिप्पट झाला की तोच वाटा १८ टक्क्यांवर जातो. एसएसडीमधील मेमरीही त्याच टंचाईत सापडली आहे. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही याच तीन कंपन्या बनवतात. परिणामी सगळे भाग नवे घेऊन, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डासह जुळणी ५० हजारांत बसवणे अवघड झाले आहे. मॉनिटर आणि यूपीएस त्यात धरले तर हिशेब जुळतच नाही.

५० हजार रुपये म्हणजे २०२५-२६ साठी केंद्राने जाहीर केलेल्या ५,३२८ रुपये हमीभावाने नऊ क्विंटलांहून अधिक सोयाबीन. मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबात ही रक्कम कुठून तरी कमी करून उभी करावी लागते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर तर अधिकच. त्यामुळे एकदाच सगळे घेण्याचा अट्टहास सोडून खरेदी दोन टप्प्यांत करणे हा सध्याचा व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी नंतर सहज जोडता येणारे भाग आणि एकदा घेतले की बदलणे महागात पडणारे भाग, अशी विभागणी आधी करावी लागते.

खरेदीआधी काय ठरवावे?

सर्वप्रथम, खेळायचे काय ते. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांना मध्यम ताकदीचा संगणक पुरतो. नव्या, मोठ्या कथाप्रधान खेळांना स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते. ‘जीटीए ६’ची वाट पाहून संगणक घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेली १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठीची होती. त्या वेळी संगणकावरील आवृत्तीची घोषणा झालेली नव्हती. जो खेळ संगणकावर कधी येणार हेच ठाऊक नाही, त्यासाठी आज महागडे कार्ड घेण्यात अर्थ नाही. मोबाइलवर लोकप्रिय असलेला बीजीएमआय हाही मोबाइलसाठीच अधिकृतपणे उपलब्ध असलेला खेळ आहे.

दुसरे, पडदा. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरला १५० चित्रे पुरवणारे कार्ड जोडून त्याचा फारसा लाभ मिळत नाही. १०८०पी हा जगभरातील गेमरांमध्ये आजही सर्वाधिक वापरला जाणारा पडदा आहे आणि कमी बजेटसाठी तोच योग्य. घरात एचडीएमआय असलेला टीव्ही असेल तर सुरुवातीचे काही महिने त्यावर काम भागते. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू करावा, म्हणजे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांतील विलंब कमी होतो.

तिसरे, इंटरनेट. शंभर जीबीचा खेळ रोज दोन जीबीच्या मोबाइल डेटावर उतरवायचा तर ५० दिवस लागतील, तेही दुसऱ्या कशालाही डेटा न वापरता. घरी फायबर जोडणी किंवा अमर्याद फाइव्ह-जी असेल तर प्रश्न सुटतो. नसेल तर परभणी, नांदेड किंवा लातूरला राहणाऱ्या मित्राकडे खेळ उतरवून तो बाह्य ड्राइव्हवर आणता येतो. स्टीमसारख्या मंचावर अशी प्रत आपल्या खात्यात वापरण्याची सोय आहे. स्वस्त मदरबोर्डवर वाय-फाय बहुधा नसते. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टिथरिंग करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

कोणता भाग नंतर बदलता येतो?

ग्राफिक्स कार्ड, रॅमची दुसरी पट्टी, जादा एसएसडी आणि मॉनिटर हे भाग बाकी संगणकाला धक्का न लावता नंतर जोडता येतात. मदरबोर्डचे तसे नाही. तो बदलायचा म्हटला की अनेकदा प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागते. एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, कमी ताकदीचा घेतला तर पुढे कार्ड जोडताना तो काढून टाकावा लागतो. दर्जाहीन निघाला तर बाकी भागांनाही घेऊन जातो. म्हणून पहिल्या टप्प्यात मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस नीट निवडावेत. मिरवण्याच्या गोष्टींना, म्हणजे रंगीत दिव्यांचे पंखे, काचेचे कॅबिनेट आणि गेमिंग खुर्ची यांना नंतर बघता येईल.

मदरबोर्ड घेताना रॅमचे चार खाचे असतील तर उत्तम. दोन असतील तर एकच १६ जीबीची पट्टी घेऊन दुसरा खाचा मोकळा ठेवता येतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर एका पट्टीमुळे होणारे नुकसान सोसण्यासारखे असते आणि भाव उतरल्यावर दुसरी पट्टी जोडून ते भरून काढता येते. मात्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच खेळायचे असेल तर आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्याच घ्याव्यात. त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. ते रॅमच वापरतात आणि दोन पट्ट्यांमुळे रॅमकडे जाणारा रस्ता दुपदरी होतो. हा फरक खेळताना डोळ्यांना दिसतो.

डीडीआर-४ की डीडीआर-५?

या दोन पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या खाच्यात बसत नाहीत. त्यामुळे हा निर्णय मदरबोर्ड घेतानाच होतो. एएमडीच्या जुन्या एएम४ बोर्डवर डीडीआर-४ चालते. रायझन ५ ५६०० हा सहा कोअर आणि १२ थ्रेडचा, ६५ वॉटचा प्रोसेसर त्यावर बसतो आणि १०८०पी गेमिंगला तो आजही पुरेसा आहे. या बोर्डवर पुढे फार वरचा प्रोसेसर टाकायला मात्र जागा उरलेली नाही. इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीच्या बोर्डांपैकी काही डीडीआर-४ चे, तर काही डीडीआर-५ चे असतात. बोर्डच्या नावात ‘डी४’ किंवा ‘डी५’ लिहिले आहे का, ते नीट पाहावे. चार कोअरचा कोअर आय३-१२१००एफ घेऊन पुढे त्याच बोर्डवर त्याहून वरचा प्रोसेसर बसवता येतो, हा या मार्गाचा फायदा.

एएमडीच्या एएम५ बोर्डवर फक्त डीडीआर-५ चालते. २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही या बोर्डसाठी नवे प्रोसेसर आणण्याचे आश्वासन कंपनीने दिले आहे. म्हणून पाच-सात वर्षांचा विचार करणाऱ्यासाठी हा मार्ग सरस आहे. मात्र आज खिशाला चाट इथेच जास्त बसते. डीडीआर-४ चे उत्पादन आवरते घेण्याचे धोरण कंपन्यांनी २०२५ मध्ये स्वीकारले. त्यामुळे जुनी म्हणून ती स्वस्त राहील, या भ्रमातही राहू नये. रॅम, बोर्ड आणि प्रोसेसर या तिघांचा एकत्रित भाव दोन्ही मार्गांसाठी कागदावर मांडून मगच ठरवावे. घरात किंवा नातेवाइकांकडे बंद पडलेला चार-सहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप असेल तर त्यातली डीडीआर-४ पट्टी चालते का ते आधी तपासावे. सध्या तेवढ्यानेच काही हजार रुपये वाचू शकतात.

प्रोसेसरच्या नावातील अक्षरांकडेही लक्ष हवे. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही. असा प्रोसेसर घेतला आणि कार्ड नंतर घेऊ म्हटले, तर पडद्यावर काहीच दिसणार नाही. दोन टप्प्यांत खरेदी करणाऱ्यांची सर्वाधिक फसगत या एका अक्षरापायी होऊ शकते.

ग्राफिक्स कार्ड लगेच की नंतर?

पहिल्या टप्प्यात अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेणे हा एक मार्ग. डीडीआर-४ बोर्डवर रायझन ५ ५६००जी आणि डीडीआर-५ बोर्डवर रायझन ५ ८६००जी ही त्याची उदाहरणे. ५६००जी वर व्हॅलोरंट उत्तम, तर जीटीए ५ कमी ते मध्यम सेटिंगवर चालतो. नवे, अवजड खेळ मात्र जड जातात. ५६००जी पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच मर्यादित असल्याने नंतर जोडलेल्या काही कार्डांचा वेग किंचित कमी मिळतो, पण त्याने खेळ अडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात आठ जीबी मेमरीचे कार्ड हे किमान लक्ष्य ठेवावे. एएमडीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचे कार्ड २०२१ मधले असले तरी १०८०पी साठी ते अजून टिकून आहे. एनव्हिडियाचे २०२५ मधील आरटीएक्स ५०५० हे १३० वॉटचे आहे. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी आहे. मात्र ते १९० वॉट घेते, त्याला ‘रिसायझेबल बार’ ही सोय असलेला बोर्ड लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग घसरतो, असे जानेवारी २०२५ मधील चाचण्यांत दिसले. आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे रूप फक्त ७० वॉटवर चालते आणि बहुतेक वेळा त्याला वेगळी वीजतार लागत नाही. त्याच नावाच्या आठ जीबीच्या कार्डापेक्षा ते संथ आहे, हे घेताना ठाऊक असावे.

गेमिंग लॅपटॉप हा पर्याय वीज जाणाऱ्या गावात मोहक वाटतो. मात्र बॅटरीवर त्याची खेळाची ताकद खूप कमी होते आणि त्यातले ग्राफिक्स नंतर बदलता येत नाही. दोन टप्प्यांचा मार्गच त्यात बंद होतो.

वीज, ऊन आणि धुळीचे काय?

यूट्यूबवरील बहुतेक सल्ले वातानुकूलित खोलीतून दिले जातात. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो आणि पत्र्याच्या खोलीत उकाडा त्याहून जास्त जाणवतो. प्रोसेसरची कमाल तापमान मर्यादा साधारण ९० ते १०० अंशांदरम्यान असते. तिच्याजवळ पोहोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. त्यामुळे पुढच्या बाजूला काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळी असलेले, किमान दोन पंख्यांचे कॅबिनेट घ्यावे. सोयाबीनच्या मळणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत जाळीची धूळ पंधरा दिवसांनी काढावी. खोलीत दुपारचे ऊन येत असेल तर संगणक खिडकीपासून दूर ठेवावा.

वीज हा त्याहून मोठा प्रश्न. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० अशा जुळणीला भरात असताना साधारण २५० ते ३०० वॉट लागतात. ४५० ते ५०० वॉटचा, ‘८० प्लस’ चिन्ह असलेला आणि नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस तिला पुरतो. ‘८० प्लस’ हे विजेच्या काटकसरीचे प्रमाणपत्र आहे. टिकाऊपणा जोखायला वॉरंटीची वर्षे पाहावीत. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस गेमिंगसाठी वापरू नये.

बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॉटचा भार पेलतो. ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून तो काठावर येतो. पुढे कार्ड जोडायचे असेल तर एक हजार व्हीएच्या आसपासचा यूपीएस सुरुवातीलाच घेतलेला बरा. यूपीएस दहा-पंधरा मिनिटे खेळ चालू ठेवण्यासाठी नसतो. संगणक नीट बंद करता यावा, एवढेच त्याचे काम. त्याआधी घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा तिथेच असतो.

विजेच्या बिलाचा हिशेबही सोपा आहे. २५० वॉटचा संगणक रोज चार तास चालला तर दिवसाला एक आणि महिन्याला ३० युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर दराचा टप्पा बदलतो. ज्या घराचा वापर ८०-९० युनिट आहे, त्याचे बिल या ३० युनिटमुळे वरच्या टप्प्यात जाते.

‘१५ हजारांत आय७ गेमिंग पीसी’ घ्यावा का?

समाजमाध्यमांवर अशा जाहिरातींचा सुळसुळाट आहे. ‘आय७’ हे नाव २००८ पासून वापरात आहे, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळत नाही. पिढी विचारावी. अशा संचात बहुधा २०१२-१३ मधला तिसऱ्या-चौथ्या पिढीचा प्रोसेसर, डीडीआर-३ रॅम आणि २०१४ मधले जीटी ७३० कार्ड असते. विंडोज १० चा नियमित सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर अधिकृतपणे लागतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचे तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट सुरू असणेही बंधनकारक आहे. म्हणजे १५ हजारांचा हा संच पहिल्याच दिवशी अनेक खेळांच्या दारातच अडतो.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेला आठव्या ते दहाव्या पिढीचा डेस्कटॉप मात्र विचारात घेण्यासारखा आहे. त्यात रॅम आधीच असते, हा सध्या मोठा लाभ. त्यात ७० वॉटचे, वेगळी तार न लागणारे कार्ड बसवता येते. कॅबिनेट बुटके असेल तर कार्डही बुटकेच लागेल, म्हणून माप घेऊनच मागवावे. जुने भाग सुटे घेताना रॅम आणि प्रोसेसरमध्ये धोका तुलनेने कमी असतो. क्रिप्टो मायनिंगला जुंपलेले ग्राफिक्स कार्ड आणि जुना एसएमपीएस यांपासून मात्र लांब राहावे.

खरेदी कुठून करावी?

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड हा सुट्या भागांचा जुना बाजार. देवगिरी एक्स्प्रेसने परभणीहून रात्रभराचा प्रवास करून तिथे जाणारे आहेत. तिथे घासाघीस होते आणि भाग समोर तपासून मिळतो. पण एखादा भाग बिघडला तर पुन्हा तोच प्रवास आला. नांदेड, परभणी किंवा लातूरचा दुकानदार काही भागांना चारशे-पाचशे रुपये जास्त लावत असला, तरी जुळणी करून देत असेल आणि बिघाडाच्या वेळी भाग स्वतः कंपनीकडे पाठवत असेल तर तो सौदा महाग नाही. कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे बहुतांशी मोठ्या शहरांतच आहेत.

कुठूनही घेतले तरी जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा माल घेतला तर तीन वर्षांची वॉरंटी त्यासोबत जाते. स्वस्तात मिळणाऱ्या ‘ट्रे’ प्रोसेसरबाबतही सावध राहावे. तो कंपनीच्या खोक्याशिवाय येतो, त्याला कंपनीची थेट वॉरंटी बहुधा नसते आणि सोबत पंखाही नसतो. ऑनलाइन मागवलेले खोके उघडताना सलग चित्रीकरण करावे.

फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे मुंबई-बंगळूरुच्या विक्रेत्याविरुद्धही राणीसावरगावचा ग्राहक परभणीतच दाद मागू शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते.

ऑनलाइन गेमिंगवर बंदी आली आहे ना?

घरातल्या मोठ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यावर मोहोर उमटली. त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर. रमी, फँटसी क्रिकेट अशा नावांनी चालणारे पैशांचे खेळ त्यात येतात. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. त्यामुळे संगणकावर व्हॅलोरंट किंवा जीटीए खेळणे बेकायदा ठरत नाही. मात्र खेळातली शस्त्रे-पोशाख विकत घेण्याचा खर्च वेगळा असतो. पालकांनी मुलांच्या संगणकावर स्वतःचे कार्ड किंवा यूपीआय कायम जोडून ठेवू नये.

आणखी थांबावे का?

भाव लवकर उतरण्याची चिन्हे नाहीत, त्यामुळे गरज असताना वर्षभर थांबून लाभ होईलच असे नाही. एमएस-सीआयटी, अभियांत्रिकीचा अभ्यास किंवा व्हिडिओ संपादन यांसाठी संगणक लागणारच असेल, तर अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, चांगला एसएमपीएस आणि हवेशीर कॅबिनेट एवढा पहिला टप्पा आज घ्यावा. पैसे उरले तर ते यूपीएसकडे वळवावेत. कार्ड पुढच्या हंगामात, ज्या खेळासाठी हवे तो हातात आल्यावर घ्यावे. ज्यांच्याकडे चालू स्थितीतला संगणक आहे आणि गरज फक्त खेळापुरती आहे, त्यांनी रॅमच्या चढ्या भावात संपूर्ण नवी जुळणी करण्याऐवजी आहे त्यालाच ७० वॉटचे कार्ड जोडता येते का, हे आधी पाहावे.